बटणाचं गाव

१० जून. शाळा उघडायला पंधरा दिवस राहिलेत आणि गणवेशाच्या शर्टांचा ढीग कटिंगच्या टेबलावरून खाली घसरतो आहे. काजं मशीनवर होतात, बटणं मात्र माझ्या दुकानात अजून हातानेच लावतात. ते काम कांताबाईचं. तिला ताप आहे, म्हणून दुपारपासून मीच सुई घेऊन बसले आहे.

मघाशी प्रशांत येऊन गेला. वानखडे सरांचा मुलगा, पुण्याला असतो. सरांना जाऊन वर्ष झालं आणि तो आता इथलं, खामगावचं घर रिकामं करायला आला आहे. स्टुलावर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही त्यांना रोज बघत होतात. ते ठीक होते ना? मी तर माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं."

मी म्हटलं, "चहा टाकू?"

तो नको म्हणाला आणि गेला. उत्तर मला माहीत होतं. वर्षभर माहीत आहे. परवा तो किल्ली देऊन कायमचा जाईल. सांगायचं असेल तर त्याच्या आत सांगायला हवं, आणि सांगायचं म्हटलं तर ते सरांच्या विरुद्ध जातं. म्हणून आधी सर कसे होते, ते लिहून काढते.

वडनेर भोलजीच्या शाळेत ते आम्हाला इंग्रजी शिकवायचे. आमच्याकडे अनोळखी माणूस ओट्यावर टेकला की पाण्याचा तांब्या पुढे करता करता त्याला गाव विचारतात. गाव कळलं की निम्मा माणूस कळतो. सर इंग्रजी शब्दाला तसंच विचारायचे. फळ्यावर शब्द लिहायचे, दोन पावलं मागे सरकायचे, कमरेवर हात ठेवायचे आणि शब्दाकडे बघून म्हणायचे, "बोल बाप्पा, कोन गावचा तू?"

पोरं हसायची. मग शब्दाच्या वतीने सरच उत्तर द्यायचे.

नववीत असताना माझ्या शर्टाचं मधलं बटण तुटलं होतं. घरात जोडीचं बटण नव्हतं, म्हणून आईने बाभळीचा काटा टोचून दिला. प्रार्थनेला हात जोडताना तो मोडला. वर्गात मागच्या बाकावर खसखस सुरू झाली. सर आले, त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा मागच्या बाकाकडे पाहिलं. मला काही विचारलं नाही. खडू उचलला आणि फळ्यावर इंग्रजीत 'बटन' लिहिलं.

"हा पाहुना फ्रान्सकडून इंग्लंडात आला. तिकडे त्याचा अर्थ कळी. फांदीवर फुटते ते कळी. अन् कळीच्याही मागे एक जुना शब्द हाय, त्याचा अर्थ ढकलनं. कळी सालीले ढकलून भायेर येते. बटन काजातून ढकललं का भायेर येते. पाहा, फ्रान्सच्या मानसानं बटनात कळी पायली. तुमाले निस्तं तुटलेलं दिसते अन् हसू येते."

मागचा बाक गप्प झाला. सर तिथे थांबले नाहीत.

"अन् गंमत आयका. बटन आधी आलं, काज मागून. लय वर्सं तिकडचे लोक अंगरख्यावर बटनं निस्ती शोभेसाठी लावत होते. बांधाले नाडीच. भोक पाडाची अक्कल कोनाले मंग सुचली."

मग त्यांनी सगळ्यांत मोठ्याने हसणाऱ्या पोराला पुढे बोलावलं. खिशाच्या आतल्या बाजूला सुई-दोरा टोचलेला असायचा, तो काढला.

"तुया शर्टाचं एक बटन तोड."

"काऊन सर?"

"तोड म्हनतो नं. हां. आता लाव."

"मले नाही येत सर."

"इंग्रजी नाही आली तं शेती करशीन. पन बटन तुटलं तं काय लगन होईस्तोवर उघडा फिरशीन बे?"

त्या तासाला सगळा वर्ग बटण लावायला शिकला, मुलगेसुद्धा. माझं पाच मिनिटांत झालं. सरांनी ओढून पाहिलं आणि म्हणाले, "हात चांगला हाय तुया." मला तोवर कुणी काही चांगलं म्हटलेलं नव्हतं. पुढे मी शिवणकाम शिकले ते त्यामुळे, असं मी म्हणणार नाही. शिवणकाम मी पोटासाठी शिकले. पण ते वाक्य लक्षात राहिलं.

निवृत्त झाल्यावर सरांनी खामगावला, माझ्या दुकानामागच्या गल्लीत घर घेतलं. सरांच्या पत्नी सहा वर्षांपूर्वी वारल्या. तेव्हापासून सर रोज साडेनऊला, मी शटर वर करत असतानाच हजर. पेपर वाचायचे, पोरीबाळींना गृहपाठ सांगायचे, कांताबाईशी भांडायचे. अंगात पांढरा फुल शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. मे महिन्यात इथे डांबर वितळतं, तेव्हाही गळ्याचं बटण उघडं नाही. कांताबाई म्हणायची, "सर, त्या नरडीले हवा खाऊ द्या जराशी." सर म्हणायचे, "मास्तरची नरडी हाय बाई, उघडी टाकली तं पोट्टे आत पायतात."

एकदा एक हवालदार पँट सैल करून घ्यायला आला होता. सरांनी पेपर बाजूला ठेवला. "तुमच्या पट्ट्याच्या बक्कलचं गाव मालूम हाय काय?"

"नाही बा सर."

"लॅटिन. त्याच्या मुळाशी गाल हाय. जुन्या शिपायांच्या लोखंडी टोपाचा पट्टा गालावरून ये, तो अडकवाचं ते बक्कल."

हवालदाराने स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. "मंग सर, नोकरी करता करता लयच खाली घसरलं म्हना."

सर ठसका लागेपर्यंत हसले. असे ते होते. बरीच वर्षं.

गेल्याच्या आदल्या दिवाळीनंतर एका सकाळी सर आले ते शर्ट उघडाच. आत बनियन दिसत होतं.

"काय सर, आज गुंड्या घरी राह्यल्या काय?" कांताबाई बोलून गेली.

सरांनी खाली पाहिलं. बटण चिमटीत धरलं, काजाजवळ नेलं, आणि बोटं तिथेच थांबली. पुढे काय करायचं असतं, ते हाताला आठवेना. बोटं थरथरत नव्हती. तसं असतं तर मला कमी भीती वाटली असती. मी उठले आणि वरपासून खालपर्यंत बटणं लावून दिली. ते माझ्या डोक्यावरून रस्त्याकडे बघत उभे राहिले.

मग रोज तेच. मी शटर उघडायच्या आधी ते शर्ट धरून उभे असायचे. शब्दांची गावं सगळी तोंडपाठ होती. बटण म्हटलं की कळी, ढकलणं, फ्रान्स, सगळं घडाघडा सांगायचे. आणि ते सांगत असताना मी त्यांचीच बटणं लावत असायची.

फोनवर वडील तेच तेच बोलतात असं वाटून प्रशांत आला आणि त्यांना अकोल्याला डॉक्टरांकडे घेऊन गेला. विसरण्याचा आजार आहे, डॉक्टर म्हणाले. हळूहळू वाढेल. रोजची साधी कामं स्वतः करतात तोवर घरी राहू द्या. कपडे घालणं, बटणं लावणं जमेनासं झालं की एकटं ठेवू नका. प्रशांतने हे मला दुकानात उभं राहून सांगितलं. त्याच्या मनात त्यांना पुण्याला न्यायचंच होतं. अकराव्या मजल्यावर घर, नवरा-बायको दोघंही नोकरीवर, दिवसभरासाठी माणूस ठेवणार होता. वडिलांना ओढत न्यायचं नाही, एवढंच त्याने ठरवलं होतं. "पुढच्या महिन्यात येतो. तेव्हा बघतो त्यांना काय काय जमतं ते."

तो गेल्यावर दुसऱ्या दिवशी सर आले आणि बसले नाहीत.

"निर्मला, पोऱ्याले सांगू नको."

"काय नको सांगू, सर?"

"तुले मालूम हाय." मग म्हणाले, "तिथं मले गाव विचारनारं कोनी नाही वं. अकराव्या माळ्यावर मी कोन गावचा? इथं मेलो तं मास्तर म्हनून मरीन."

आयुष्यात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. माझा स्वभाव असा की अडचण दिसली की ती कुठे उसवली आहे, तेवढंच मी बघते. मी म्हटलं, "तुमचे सगळे शर्ट घेऊन या."

सहा शर्ट होते. आधी टिचबटणं लावून पाहिली. ती समोरासमोर आणणं त्यांना जमेना. मग मी खालची पाच बटणं काजांत घातली आणि आतून पट्टी कायमची शिवून टाकली. शर्ट सदऱ्यासारखा डोक्यातून घालायचा. वरच्या दोन बटणांच्या जागी आत वेलक्रो. तळहाताने दाबलं की बंद. बाहेरून बघणाऱ्याला सात बटणांचा, इस्त्रीचा, गळ्यापर्यंत लावलेला शर्ट दिसेल. उत्तम काम झालं होतं. मला त्याचा अभिमान वाटला, हेही लिहून ठेवते. सरांनी आरशात पाहिलं आणि म्हणाले, "घ्या. बटन परत शोभेचं झालं."

प्रशांत आला, चार दिवस राहिला. चारही दिवस वडील आंघोळ करून आत गेले आणि पाच मिनिटांत बटणं लावून बाहेर आले. दार ते लावून घ्यायचे. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. जाताना तो दुकानात आला, चेहरा मोकळा झालेला. "ताई, डॉक्टर उगाच घाबरवतात. बाबा माझ्यापेक्षा नीट तयार होतात." सर त्याच्या मागे उभे होते, कॉपी करून पास झालेल्या पोरासारखे. माझ्याकडे बघेनात.

नंतर प्रशांतने तीनदा फोन करून विचारलं. मी सांगितलं, "रोज सकाळी नीट बटणं लावलेल्या शर्टात दुकानावर येतात." यातला एक शब्द खोटा नव्हता आणि उत्तर सगळं खोटं होतं.

मी नुसती बसले नव्हते. गॅसची टाकी काढून ठेवली, दोन वेळचा डबा माझ्या घरून जायला लागला, संध्याकाळी कांताबाई घराकडे चक्कर टाकायची. सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणजे मला तसं वाटत होतं. एप्रिलमध्ये एका सकाळी सरांनी कांताबाईला विचारलं, "कोन गावची वं तू?" ती म्हणाली, "संग्रामपूरची सर, दहा वर्सांपासून तीच हाय." सर हसले. पेपरचं पान उलटलं आणि परत विचारलं. मग आणखी एकदा.

सर घरी परतल्यावर कांताबाईने सुई खाली ठेवली. "बाई, गुंड्या तुमी शिवल्या. डोस्कं कोन शिवीन? पोराले फोन करा."

"गणवेशांचा सिझन आटपू दे. मग करते."

"सिझनले काय कराचं बाप्पा? मानूस हाय तो."

मी फोन केला नाही.

मे महिन्यात मी कापड घ्यायला अकोल्याला गेले होते, त्या दिवशी दुकान बंद होतं. सर आले, बंद शटर पाहिलं आणि तिथून बसस्टँडवर गेले. मलकापूरच्या गाडीत बसले, वडनेरला उतरले. नंतर मी त्या कंडक्टरला शोधून काढून विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, कपडे एकदम टापटीप, गुंडी न् गुंडी लावेल. मले म्हने, साडेदहाचा तास हाय, जरा लवकर हाना. मी म्हटलं, मास्तर लोक हायेत, सुट्टीत काही काम असन. विस्कटेल दिसले असते तं मी उतरूच नसतं देल्लं."

शाळेला सुट्टी होती. गेट उघडं होतं, वर्गांना कुलपं. सर वऱ्हांड्यात बसून राहिले. दुपारी वरचा पत्रा तापतो, नळाला पाणी नसतं. संध्याकाळी ढोरं घेऊन परतणाऱ्या एका माणसाने त्यांना पाहिलं. अंग भाजत होतं, शुद्ध अर्धीच होती. त्या माणसाने आधी शर्ट काढायला घेतला. "दोन गुंड्या फट्कन सुटल्या, बाकीच्या सुटेचनात बाई. कशा लावल्या होत्या कोन जाने. मंग तसंच वरतून पानी टाकलं." दवाखान्यात नर्सने शर्ट कात्रीने कापला. दुसऱ्या दिवशी सर गेले. शर्ट पटकन निघाला असता तर काही फरक पडला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. विचारायला गेले होते, दारातून परत आले.

प्रशांत पोचायच्या आधी, कापलेला शर्ट होता ती दवाखान्यातली कपड्यांची पिशवी मी उचलली. तेराव्याच्या आत बाकीचे पाच शर्ट घरी आणले, शिवण उसवली, धुऊन, इस्त्री करून परत कपाटात ठेवले. सरांची लाज झाकते आहे, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं. झाकत होते ते स्वतःला.

गेल्या महिन्यात वडनेरला वर्षश्राद्ध झालं. पंगत बसली होती. सरांचे धाकटे भाऊ, बाळूकाका, वाढता वाढता प्रशांतसमोर थांबले आणि सगळ्या भावकीला ऐकू जाईल असं म्हणाले, "घे, जेव. बाप उन्हात भाजून मेला, तू ए.सी.त बस." कुणीतरी "जाऊ द्या हो" म्हणालं. प्रशांतने मान वर केली नाही. समोरचं पान तसंच राहिलं. मी बायकांच्या पंगतीत पुरी हातात धरून बसले होते. एका वाक्यात मी ते थांबवू शकले असते. नाही थांबवलं. पुरी खाल्ली आणि परतले.

तर ते असं आहे. सरांना दिलेला शब्द मोडावा लागेल. मला वाटत होतं, मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोठा. पण तो माणूस पोरांना एकमेकांवर हसू द्यायचा नाही, आणि त्याच्याच पोरावर आज गाव थुंकतं आहे, मी करून ठेवलेल्या कामासाठी.

११ जून. सकाळी सात वाजता मी सरांच्या घरी गेले. प्रशांत पुस्तकांचे गठ्ठे सुतळीने बांधत होता. मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं, शर्टांपासून पिशवीपर्यंत, कांताबाई काय म्हणाली होती तेसुद्धा. पाच-सात मिनिटं लागली असतील.

त्याने हातातल्या गठ्ठ्याची गाठ आवळली. मग म्हणाला, "मी तीनदा विचारलं होतं, ताई."

"हो. तीनदा."

"मला रोज वाटतं, मी चार दिवस त्यांच्यासोबत राहिलो आणि मला दिसलं कसं नाही." "वर्षभर वाटतं आहे. तुम्ही काल मला चहा विचारलात."

मी म्हटलं, "माफी मागत नाही, ती तुम्ही देऊही नका. वडनेरला चला. भावकीसमोर, काकांसमोर, मला सांगायचं आहे. आत्ता."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी बोलायचं म्हणून बोलते आहे, असं त्याला वाटलं असावं. मी चप्पल घातली तेव्हा तो उठला. रस्त्यावर गाडी उभी होती. त्याने माझ्यासाठी मागचं दार उघडलं. पुढची सीट रिकामी होती. मी मागे बसले. नांदुरा मागे पडलं, वडनेर आलं.

काका ओट्यावर बसून दात घासत होते. आम्हा दोघांना एकत्र पाहून त्यांनी चूळ भरली आणि आत ओरडून पाणी मागवलं. मी पाण्याची वाट पाहिली नाही. ओट्याची पायरी चढले आणि बोलायला सुरुवात केली.